वजन, मेद आणि स्नायू : व्यायामकाळातील शरीरबदलांची नोंद

आपल्या समाजात एका पिढीच्या अंतराने श्रमाचे आणि आहाराचे गणित पार बदलून गेले आहे. ज्यांच्या आईवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, विहिरी खोदल्या, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्यांची मुले आज शाळेत, बँकेत, कचेरीत बसून काम करतात. ही वाटचाल कष्टसाध्य आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. मात्र याच वाटेने एक नवे संकटही घरात शिरले आहे. चाळिशीच्या आतबाहेर पोट सुटते, रक्तातील साखर वाढते, रक्तदाबाची गोळी सुरू होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. उंची-वजनाच्या हिशेबाने लठ्ठ ठरणाऱ्यांचे प्रमाण २८.६ टक्के, तर पोटाच्या घेरावरून लठ्ठ ठरणाऱ्यांचे प्रमाण ३९.५ टक्के आहे. या शेवटच्या दोन आकड्यांतील तफावत वाचकांनी ध्यानी ठेवावी, कारण या लेखाचा विषय त्या तफावतीतच दडलेला आहे.

डॉक्टरांनी सांगितले म्हणून पुष्कळ जण व्यायामाला लागतात. पहाटे फिरायला जातात, जेवणातला भात कमी करतात, आठ-पंधरा दिवसांनी वजनकाट्यावर उभे राहतात. दीड-दोन महिने होतात आणि काटा एक-दोन किलोपलीकडे हलत नाही. ‘आपल्या अंगाला व्यायाम मानवत नाही’ असे म्हणून उपक्रम सुटतो. दुसरीकडे, काही जण उपासमार करून महिन्यात चार किलो उतरवतात आणि कौतुकास पात्र ठरतात. आमचे प्रतिपादन असे की या दोन्ही प्रसंगी काट्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. व्यायाम करणाऱ्याने केवळ वजन मोजून भागत नाही. शरीरातील कोणता घटक घटला आणि कोणता टिकला, हे त्याला कळले पाहिजे. ते घरच्या घरी कसे कळेल, याचा अभ्यास येथे मांडत आहोत.

वजन कशाचे?

मानवी शरीराचे वजन हे अनेक घटकांची बेरीज असते. हाडे, स्नायू, मेद म्हणजे चरबी, रक्त व इतर द्रव, अंतर्गत अवयव, पोटात असलेले अन्न, या सर्वांचा भार काटा एकाच आकड्यात सांगतो. सतिपट्ठान सुत्तात या संदर्भात एक मार्मिक उपमा आली आहे. दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या पिशवीत साळी, मूग, उडीद, तीळ, तांदूळ अशी नाना धान्ये भरलेली असतात. डोळस माणूस ती पिशवी उघडतो आणि प्रत्येक धान्य वेगवेगळे ओळखतो. त्याचप्रमाणे भिक्खूने आपल्या देहातील मांस, अस्थी, मेद आदी घटक वेगवेगळे पाहावेत, असे तेथे सांगितले आहे. तेथील हेतू देहासक्ती कमी करण्याचा आहे, आरोग्यशास्त्राचा नाही, हे आम्ही जाणतो. तथापि पिशवीच्या वजनावरून आतले धान्य कळत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी शरीराचे दोन भाग मानतात : एक मेद आणि दुसरा मेदविरहित भाग. दुसऱ्या भागात स्नायू, हाडे, पाणी आणि अवयव येतात. एकूण वजनात मेद शेकडा किती, याला मेदाचे प्रमाण म्हणतात. वजन कमी करू इच्छिणाऱ्याला प्रत्यक्षात मेद कमी करायचा असतो. स्नायू घटावेत अशी कोणाचीच इच्छा नसते. परंतु काट्याला हा भेद कळत नाही.

उंची-वजनाच्या सूत्राची मर्यादा

दवाखान्यात ‘बीएमआय’ काढतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, ६५ किलो वजन आणि १.६० मीटर उंची असेल तर बीएमआय २५.४ येतो. या सूत्राचे मूळ बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांच्या १८३० च्या दशकातील कामात आहे. केटले ‘सरासरी माणूस’ शोधत होते. लठ्ठपणाचे निदान हा त्यांचा उद्देश नव्हता. १९७२ साली अमेरिकेचे शास्त्रज्ञ अँसल कीज व सहकाऱ्यांनी या सूत्राला आजचे नाव दिले. हजारो लोकांची तुलना करताना ते उपयोगी पडते. एका व्यक्तीच्या शरीरात काय चालले आहे, हे सांगताना ते अपुरे पडते.

याचा पुरावा जुना आहे. १९४२ साली अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली. उंची-वजनाच्या तत्कालीन तक्त्यांनुसार त्यांपैकी १७ जण ‘अतिवजनी’ म्हणून लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. बेन्के यांनी त्यांना पाण्याखाली बसवून त्यांचे वजन घेतले. मेद पाण्यापेक्षा हलका असतो. त्याची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर मेदविरहित भागाची सुमारे १.१ ग्रॅम असते. म्हणून पाण्यात वजन किती घटते, यावरून शरीराची घनता आणि घनतेवरून मेदाचा अंदाज काढता येतो. त्या खेळाडूंच्या अंगावर मेद थोडा आणि स्नायू भरपूर असल्याचे या मोजणीतून दिसून आले. तक्त्याने ज्यांना बेढब ठरवले होते, ते बलदंड निघाले.

पुण्यातील संशोधन आणि आपले शरीर

फुटबॉलपटूंच्या उलट स्थिती आपल्याकडे आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र आणि मोजमाप एकत्र छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळच वाटावेत. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकड्याआड दुपटीहून अधिक फरक लपला होता.

हा फरक जन्मापासून दिसतो. पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास याच संशोधकांनी १९९० च्या दशकात सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आमच्या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव लक्षणीय लहान होते. त्वचेखालील मेद मात्र तेवढ्या प्रमाणात घटलेला नव्हता. ‘सडपातळ तरी मेदयुक्त’ असे हे शरीर आहे. गर्भात पोषण तोकडे पडले तर शरीर मेंदूसारखे अवयव आणि मेदाचा साठा राखते व स्नायूंच्या वाट्याला कात्री लावते, असे स्पष्टीकरण संशोधक देतात.

या संशोधनाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या आणि आया गरोदरपणीही अर्धपोटी राबल्या. वसतिगृहात दाखल होणारी कित्येक मुले हाडकुळी असत. पुढे नोकरी लागली, पानात तेल-साखर वाढली, श्रम कमी झाले. स्नायूंचा पाया मुळात लहान आणि त्यावर मेदाचा मजला चढत गेला. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तात साचते. म्हणूनच बेताच्या वजनाच्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह गाठतो. आशियाई लोकांमध्ये बीएमआय २३ पासूनच धोका वाढू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही नमूद केले आहे. भारतीयांसाठी पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते.

निष्कर्ष उघड आहे. ज्याच्याजवळ स्नायूंचे भांडवल आधीच थोडे आहे, त्याने वजन उतरवताना ते भांडवल गमावणे परवडणारे नाही.

एक हिशेब

समजा, अ आणि ब या दोन व्यक्ती आहेत. दोघांचे वजन ७६ किलो आणि मेदाचे प्रमाण ३० टक्के आहे. म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर २२.८ किलो मेद आणि ५३.२ किलो मेदविरहित भाग आहे. पुढील आकडे आम्ही समजुतीसाठी कल्पिले आहेत.

अ केवळ जेवण तोडतो, व्यायाम करीत नाही. तीन महिन्यांनी त्याचे वजन ७२ किलो आणि मेद २७.५ टक्के भरतो. हिशेब केल्यास मेद १९.८ किलो आणि उर्वरित भाग ५२.२ किलो होतो. उतरलेल्या चार किलोंपैकी तीन किलो मेद गेला आणि एक किलो मेदविरहित भाग गेला. व्यायामाविना केलेल्या आहारकपातीत घटलेल्या वजनाचा चौथा हिस्सा असा मेदाबाहेरचा असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

ब बेताने खातो, पुरेशी डाळ-उसळ घेतो आणि आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम करतो. तीन महिन्यांनी त्याचे वजन ७४ किलो आणि मेद २६.५ टक्के येतो. मेद १९.६ किलो, उर्वरित भाग ५४.४ किलो. म्हणजे मेद ३.२ किलोने घटला आणि मेदविरहित भाग १.२ किलोने वाढला.

काट्याच्या दृष्टीने अ हा ब पेक्षा दुप्पट यशस्वी ठरतो. प्रत्यक्षात ब ने मेद थोडा अधिकच घटवला आणि स्नायू कमावले. पुढे दोघांनी आहारातील बंधने सैल केली तर अ चे वजन परत येईल, पण ते बहुतांशी मेदाच्या रूपाने येईल. उपास आणि वजनवाढ यांच्या अशा फेऱ्या वारंवार झाल्या, तर वजन पूर्वीइतकेच राहूनही शरीर अधिक मेदयुक्त आणि अधिक दुर्बळ होत जाण्याचा धोका असतो.

काटा का फसवतो?

दैनंदिन वजनात एक-दोन किलोंचा चढउतार ही सामान्य बाब आहे. खारट जेवण झाले की शरीर पाणी धरून ठेवते. मासिक पाळीच्या आधी अनेक स्त्रियांचे वजन पाण्यामुळे वाढते. बद्धकोष्ठ, उशिरा झालेले जेवण, प्रवास, यांचाही परिणाम होतो.

दुसरे कारण ग्लायकोजेनचे. यकृत आणि स्नायू कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवतात आणि एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा रिता होतो आणि त्याबरोबर पाणी निघून जाते. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याचा आनंद बहुतेक या पाण्याचा असतो. याउलट, नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू हा साठा वाढवतात आणि ठणकणाऱ्या स्नायूंतही पाणी राहते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे मेद घटत असतानाच वजन स्थिर राहू शकते, क्वचित वाढतेही.

तिसरे कारण साध्या अंकगणिताचे आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा असते. सत्तर किलोचा माणूस तासभर भरभर चालला तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. आठवड्यातून पाच दिवस चालल्यास, आहार तोच राहिला तरी, एक किलो चरबी उतरायला पाच-सहा आठवडे लागतात. फिरून येताना एक वडापाव खाल्ला की त्या दिवसाचा हिशेब पुसला गेला. तेव्हा महिनाभरात काटा फारसा हलला नाही, यात अंगाचा दोष नाही.

काय मोजावे, कसे मोजावे?

मोजमापाचे मूल्य अचूकपणापेक्षाही सातत्यात असते. साधन तेच, वेळ तीच, पद्धत तीच आणि शक्यतो मोजणारी व्यक्तीही तीच असावी.

१. वजन. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत, सपाट व टणक फरशीवर काटा ठेवून मोजावे. आठवड्यातून तीन दिवस मोजून त्यांची सरासरी लिहावी. एका दिवसाच्या आकड्यावरून हर्ष वा खेद करू नये.

२. कमरेचा घेर. आमच्या मते घरातील हे सर्वांत मोलाचे माप होय, कारण पोटातील अवयवांभोवतीची चरबी हीच मधुमेह व हृदयविकाराला विशेष कारणीभूत ठरते आणि व्यायामाने ती वजन न घटताही कमी होऊ शकते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप जमिनीला समांतर धरावी. श्वास सहज सोडून माप घ्यावे. पोट आत ओढू नये. टेप त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा जेथे येतो ती जागा बहुधा योग्य नसते, आणि कपड्यावरून घेतलेले माप भरवशाचे नसते. दोनदा मोजून सरासरी घ्यावी. जुनी कापडी टेप ताणली जाते, म्हणून ती पोलादी पट्टीशी ताडून पाहावी. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा लक्षात ठेवण्यास सोपा नियम आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचा घेर ८० च्या आत असावा.

३. दंड आणि मांडी. दोन्ही ठिकाणी मध्यावर, महिन्यातून एकदा. कमरेचा घेर उतरत असताना दंड-मांडी टिकून राहिली, तर स्नायू शाबूत असण्याची शक्यता अधिक.

४. ताकद. पाठ टेकण्याच्या खुर्चीवर बसून, हात छातीवर आडवे ठेवून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. भिंतीला हात लावून किती जोर मारता येतात, तीन मजले चढताना किती वेळ लागतो, हेही लिहावे. ज्येष्ठांसाठी एक सूचना : सलग पाच वेळा उठबस करण्यास बारा सेकंद वा अधिक लागत असतील, तर आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार तो स्नायूंच्या क्षीणतेचा इशारा मानला जातो. तोल जाण्याचे भय असल्यास कोणी तरी शेजारी उभे राहावे.

५. कपडे. हे माप फुकटचे आणि प्रामाणिक आहे. पट्टा एक भोक आत गेला, जुने पोलके पुन्हा बसू लागले, तर ते तारखेसह लिहून ठेवावे.

वजन आठवड्याला, कमरेचा घेर पंधरवड्याला आणि बाकीची मापे महिन्याला घ्यावीत. वहीचे एक पान वर्षाला पुरते.

नोंदींचा अर्थ

वजन स्थिर आणि घेर दोन सेंटिमीटर वा अधिक घटला, तर व्यायाम फळास येत आहे, तो मुळीच सोडू नये. वजन व घेर दोन्ही उतरत आहेत आणि उठबशांची संख्या वाढत आहे, ही उत्तम स्थिती. वजन झपाट्याने उतरले पण घेर जेमतेम हलला आणि ताकदही घटली, तर स्नायू खर्ची पडत आहेत. तेव्हा उपासमार थांबवून ताकदीचा व्यायाम वाढवावा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत वजन किंचित वाढले पण घेर वाढला नाही, तर ते पाणी समजावे आणि धीर धरावा. महिनाभर वजन व घेर दोन्ही वाढत राहिले, तर ‘स्नायू वाढले’ अशी समजूत करून न घेता ताटाकडे पाहावे. घेरातील एक सेंटिमीटरचा फरक टेपच्या धरण्यातूनही येतो; त्यावरून अनुमान काढू नये.

यंत्रे आणि त्यांचा भरवसा

व्यायामशाळांत आता मेद मोजणारी यंत्रे आली आहेत. त्यांवर अनवाणी उभे राहिले की शरीरातून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह जातो. स्नायूंत पाणी अधिक असल्याने त्यांतून प्रवाह सहज वाहतो, मेदातून अडखळतो. या अडथळ्यावरून यंत्र सूत्राने मेदाचा अंदाज बांधते. मेद थेट मोजला जात नाही, हे विसरू नये. पाणी कमी-अधिक प्यायले, घाम गेला, नुकते जेवण झाले, तर आकडा बदलतो. केवळ पायांखाली पट्ट्या असलेल्या घरगुती काट्यात प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, पोटाचा भाग अंदाजाने भरला जातो. म्हणून दोन निरनिराळ्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना करू नये. एकाच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या आकड्यांचा कल तेवढा पाहावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे यंत्र वापरू नये.

चिमट्यासारख्या कॅलिपरने त्वचेची घडी मोजण्याची पद्धत स्वस्त आहे. दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखालचा भाग आणि कमरेच्या हाडावरील भाग अशा चार ठिकाणी माप घेतात. परंतु हात सरावलेला हवा. मोठ्या रुग्णालयांतील ‘डेक्सा’ तपासणीत दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी हाडे, मेद आणि इतर भाग वेगळे दिसतात. ती अधिक विश्वसनीय असली तरी सर्वसामान्यांना तिची गरज नाही. टेप आणि वही यांवर भागते.

स्नायू राखणारा व्यायाम आणि आहार

प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. आपल्याकडे पहिला भाग चालण्याने पुरा होतो, दुसरा राहून जातो. माजी विद्यार्थ्यांना मात्र तो नव्याने शिकवायला नको. जोर, बैठका, सूर्यनमस्कार हे सर्व ताकदीचेच व्यायाम आहेत. ज्यांना जमिनीवर जोर मारवत नाहीत त्यांनी भिंतीवर मारावेत. बैठक झेपत नसेल तर खुर्चीवरून उठबस करावी. भगिनींनी दोन लिटर पाण्याच्या बाटल्या उचलून दंडाचा व्यायाम करावा. घरकामात श्रम होतात हे खरे, पण स्नायूंवरील भार क्रमाक्रमाने वाढवण्याची सोय त्यात नसते.

आहारात प्रथिनांकडे दुर्लक्ष होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ वीस-पंचवीस ग्रॅमच असते. म्हणजे पदरी पडतात अवघी पाच ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, मटकी-हरभऱ्याची उसळ, पिठले, शेंगदाणे, सोयाबीन, दूध-दही, आणि मांसाहार करणाऱ्या घरांत अंडी, मासे, सुकट यांची योजना प्रत्येक जेवणात करावी. घरातील स्त्रीच्या ताटात उसळ सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी येते, ही रीत मोडली पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

क्रमाने जाणे

संयुत्तनिकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकीत तथागतांकडे येई. आहाराची मात्रा जाणण्याचा उपदेश त्याला मिळाला. राजाच्या सेवेतील सुदर्शन नावाच्या तरुणाने तो उपदेश प्रत्येक भोजनाच्या वेळी राजाला ऐकवावा, अशी योजना झाली. राजा क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. या कथेत राजाने उपवास केला नाही. त्याने मात्रा ठरवली, रोज कोणीतरी आठवण देईल अशी व्यवस्था केली आणि घट हळूहळू होऊ दिली. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपासची घट स्नायू सांभाळून साधता येते. घरातील एकाने दुसऱ्याची वही पाहणे, हे आजच्या काळातील सुदर्शनाचे काम होय.

काही इशारे

प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा विकार अशी कारणे असू शकतात, तपासणी करून घ्यावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नवा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, अन्यथा साखर एकाएकी खाली येऊ शकते. छातीत दुखणे, घेरी येणे ही लक्षणे दिसताच थांबावे.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. या लेखातील आकडे प्रौढांचे आहेत. वाढीच्या वयातील मुलामुलींना ते लावू नयेत; त्यांचे मोजमाप वयानुसार वेगळ्या तक्त्यांवर होते. ‘जाडी’, ‘ढोल्या’ अशा हाका मारल्याने कोणाचा मेद घटत नाही. मूल मात्र जेवण टाळू लागते आणि त्याच वयात घडायचे हाड व स्नायू घडत नाहीत. मुलांपुढे काट्याची चर्चा नको. त्यांच्याबरोबर मैदानावर उतरणे हवे. कबड्डी, लेझीम, पोहणे यांतून मिळवलेले स्नायूंचे भांडवल त्यांना साठीपर्यंत पुरेल.

आपल्या आधीच्या पिढ्यांची शरीरे दुसऱ्यांसाठी राबून झिजली. आपल्या वाट्याला स्वतःच्या शरीराकडे डोळसपणे पाहण्याची संधी आली आहे. एक टेप, एक वही आणि आठवड्यातील पाच-दहा मिनिटे एवढीच तिची किंमत आहे. येत्या रविवारी सकाळी प्रत्येक घराने पहिली नोंद करावी आणि तीन महिन्यांनी ती वही उघडून घरातील सर्वांनी मिळून वाचावी, अशी आमची विनंती आहे.